आधी पांढरं, मग एकदम सगळं: एका संथ साइटचं प्रकरण

वाचकाचं पत्र चारच ओळींचं होतं. “साखळी निसटली म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून तुमचा लेख उघडला. पान बराच वेळ पांढरं राहिलं आणि मग एकदम सगळं दिसलं. मी केव्हाच मागे गेलो असतो, पण तुमचे फोटो चांगले असतात म्हणून थांबलो. बघा जमलं तर.” आमच्या दुखण्याचं निदान या चार ओळींत जवळजवळ पूर्ण लिहिलेलं होतं. ते मला वाचता यायला दोन महिने गेले.

साइट सायकल दुरुस्तीची. सुमारे ४०० लेख, प्रत्येकात पाच-दहा फोटो. ती चालवणारे सर पूर्वी हेच काम हाताने शिकवायचे, आता लिहून शिकवतात. मी लेखांचं संपादन करत करत एसईओकडे, म्हणजे सर्चमध्ये लेख सापडावेत या कामाकडे, वळले होते. मथळे कसे लिहायचे, लोक सर्चमध्ये कोणत्या शब्दांत विचारतात, लेखांना एकमेकांशी कसं जोडायचं, हे मला बऱ्यापैकी जमत होतं. वेग हा मात्र प्रोग्रामर मंडळींचा प्रांत, असं समजून मी त्यापासून लांब राहिले होते. मग एक दिवस सर्च कन्सोलमधला, म्हणजे साइट सर्चमध्ये कशी चालते ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनातला, कोअर वेब व्हायटल्सचा अहवाल उघडला. फोनवरची आमची सगळी लेखपानं एकाच गटात, लाल रंगात. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, “अगं, लेख तेच, फोटो तेच. मग लोक उघडून परत का जातात, ते शोध आधी.”

त्या अहवालात तीन मापं असतात. एलसीपी म्हणजे पान उघडताच समोर दिसणाऱ्या भागातला सर्वांत मोठा घटक, बहुधा मुख्य फोटो किंवा मथळा, दिसेपर्यंत लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगला, ४ सेकंदांपुढे गेला तर वाईट. आयएनपी म्हणजे वाचकाने बोट टेकवल्यापासून पडद्यावर काहीतरी हलेपर्यंतचा वेळ. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगला, ५०० च्या पुढे वाईट. हे माप १२ मार्च २०२४ पासून फक्त पहिल्या स्पर्शाची दिरंगाई मोजणाऱ्या जुन्या एफआयडीच्या जागी आलं. आणि सीएलएस म्हणजे वाचताना मजकूर किती इकडेतिकडे सरकतो याचा आकडा, तो ०.१ पेक्षा कमी हवा. तिन्ही मापं क्रोम वापरणाऱ्या खऱ्या वाचकांकडून गोळा होतात आणि ७५व्या शतमकावर मोजली जातात. म्हणजे चारपैकी तीन भेटी मर्यादेत बसल्या तरच पान उत्तीर्ण. आमचा फोनवरचा एलसीपी होता ५.९ सेकंद. आयएनपी १८० मिलिसेकंद, म्हणजे काठावर पण ठीक. सीएलएस ०.१४.

पहिला महिना

मी सुरुवात केली ती पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या पानावर साइटचा पत्ता टाकून. साइटचा पत्ता म्हणजे मुखपृष्ठाचा पत्ता. इथेच पहिली चूक झाली आणि ती मी नंतर दुसऱ्यांच्या कामातही इतक्या वेळा पाहिली आहे की जरा थांबून सांगते. सर्चमधून येणारा वाचक मुखपृष्ठावर येत नाही. तो ‘मागचा ब्रेक घासतो’ असं विचारून थेट त्या लेखावर उतरतो. आमच्या सर्चमधल्या क्लिकपैकी मुखपृष्ठाचा वाटा अगदी किरकोळ होता. तरी मी महिनाभर त्याच एका पानावर काम करत राहिले, कारण आकडा तिथे दिसत होता.

तो आकडा होता ५२. त्यामागचं लाइटहाउस नावाचं साधन एका ठरावीक, मुद्दाम संथ केलेल्या फोनवर आणि संथ केलेल्या नेटवर्कवर पान उघडून बघतं आणि १०० पैकी गुण देतं. मी फोटो हलके करायला घेतले. कॅमेऱ्यातून आलेले ४००० पिक्सेल रुंदीचे जेपीईजी जसेच्या तसे चढवलेले होते आणि फोनवर ते ४०० पिक्सेलच्या जागेत दिसत होते. ते वेबपी या हलक्या स्वरूपात आणले, तीन-चार रुंदींच्या प्रती केल्या, ब्राउझरला त्यातली योग्य ती निवडता येईल अशी सोय केली. हे काम मुखपृष्ठापुरतं न ठेवता सगळ्या लेखांवर केलं. काम आवश्यकच होतं, त्यात लागलेल्या एका तासाचाही मला पश्चात्ताप नाही. मुखपृष्ठाचा आकडा ७१ वर गेला.

मग मी एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्राम, बसवलं. वाचक पानाला पहिल्यांदा हात लावेपर्यंत, म्हणजे बोट टेकवेपर्यंत किंवा पान सरकवेपर्यंत, बाहेरून येणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट फाइली, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, ते थांबवून धरायचं. आकडा एका फटक्यात ९३. त्या संध्याकाळी मी सरांना फोन करून सांगितलं की झालं. सरांनी एवढंच विचारलं, “पत्र लिहिणाऱ्याला कळवू का मग?” मी म्हणाले, महिनाभर थांबू.

थांबलो ते बरं झालं. क्रोमची खऱ्या वाचकांची माहिती २८ दिवसांच्या सरकत्या खिडकीतून येते, त्यामुळे आज केलेला बदल तिथे पूर्ण उतरायला जवळपास चार आठवडे लागतात. चार आठवड्यांनी लेखपानांचा एलसीपी होता ५.८. म्हणजे जिथे होता तिथेच. आयएनपी १८० वरून ३४० वर गेला होता. जे माप ठीक होतं ते मी बिघडवलं होतं.

९३ गुण खोटे नव्हते, पण ते कशाचे होते हे मला माहीत नव्हतं. लाइटहाउसच्या गुणांत सर्वांत जास्त वजन, ३० टक्के, टीबीटी या मापाला असतं. ५० मिलिसेकंदांपेक्षा लांब चालणारी कामं ब्राउझरचा मुख्य धागा, म्हणजे एका वेळी एकच काम करणारी त्याची रांग, किती वेळ अडवून धरतात, ते हे माप सांगतं. एलसीपी आणि सीएलएस यांना २५-२५ टक्के, उरलेल्या दोन मापांना १०-१०. आता लाइटहाउस पानाला हात लावत नाही, नुसतं उघडून बघतं. स्क्रिप्ट हात लागेपर्यंत थांबलेल्या असतील तर चाचणीच्या वेळी त्या चालतच नाहीत, आणि टीबीटी शून्याजवळ जातो. खरा वाचक मात्र हात लावतो. तो ‘पुढची पायरी’ या बटणावर बोट टेकवतो आणि त्याच क्षणी अडवून ठेवलेल्या सगळ्या फाइली एकदम उतरायला आणि चालायला लागतात. त्याचं बोट त्या गर्दीच्या मागे रांगेत उभं राहतं. आधी पान उघडताना विखुरलेलं काम मी गोळा करून नेमकं वाचकाच्या पहिल्या स्पर्शावर आणून टाकलं होतं.

याचा सर्चलाही थेट फटका बसला होता आणि तो तर मला अपघातानेच कळला. प्रत्येक लेखाच्या तळाशी ‘संबंधित लेख’ अशी आठ दुव्यांची पट्टी होती, ती स्क्रिप्टने भरली जायची. गूगलबॉट, म्हणजे सर्चसाठी पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, पान उघडतो, स्क्रिप्टही चालवतो, पण बटणं दाबत नाही आणि वाचकासारखं पान सरकवत नाही. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत थेट चाचणी करून गूगलला दिसलेलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, उघडलं तर ती पट्टी रिकामी. ४०० लेखांचे जवळजवळ ३२०० अंतर्गत दुवे गूगलच्या नजरेतून गायब झाले होते, आणि हे मी एसईओ सुधारण्याच्या नावाखाली केलं होतं. लेख एकमेकांना जोडण्याचं काम मी स्वतः, एकेक वाचून, दीड वर्ष केलं होतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं. प्लगइन तासाभरात काढलं, आणि पुढच्या आठवड्यात ती पट्टी स्क्रिप्टऐवजी सर्व्हरवरच पानात लिहिली जाईल अशी व्यवस्था केली.

वाट कुठे बघितली जाते

आता प्रश्न तसाच होता. फोटो इतके हलके झाले, तरी लेखपानांचा एलसीपी हलला का नाही?

एलसीपी हा एकच आकडा दिसत असला तरी त्याचे चार तुकडे पडतात. पहिला, सर्व्हरकडून पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ, म्हणजे टीटीएफबी. दुसरा, पहिला बाइट आल्यापासून ब्राउझरने मुख्य फोटो मागवायला सुरुवात करेपर्यंतचा. तिसरा, तो फोटो उतरण्याचा. चौथा, फोटो हातात आल्यावर तो प्रत्यक्ष पडद्यावर दिसेपर्यंतचा. मी एक महिना फक्त तिसऱ्या तुकड्यावर घालवला होता. बाकीचे तीन किती मोठे आहेत ते बघितलंच नव्हतं.

बघायचं कसं? गूगलच्या क्रोम गटाने वेब-व्हायटल्स नावाची एक छोटी स्क्रिप्ट खुली ठेवली आहे. तिच्या एका प्रकारात एलसीपीचे हे चारही तुकडे आणि एलसीपी ठरलेला घटक कोणता, हे मिळतं. ती लेखपानांत बसवली आणि वाचकांच्या फोनमधून येणारे आकडे आमच्याच सर्व्हरवर साठवले. दोन दिवसांत चित्र समोर आलं. मध्यम दर्जाच्या फोनवरची एक ठरावीक भेट अशी दिसायची: पहिला बाइट १.३ सेकंद, फोटो मागवायला ०.६, उतरायला ०.९, आणि दिसायला २.७. एकूण ५.५.

हा शेवटचा आकडा बघून मी चक्रावले. फोटो २.८व्या सेकंदाला फोनमध्ये आलेला आहे आणि पुढचे २.७ सेकंद तो कुणाची तरी वाट बघतो आहे. जुने, जड फोटो असताना उतरायला साधारण २.४ सेकंद लागत असणार, म्हणजे तेव्हा फोटो ४.३व्या सेकंदाला पोचायचा. आणि दिसायचा तरीही ५.५ लाच. फोटो लवकर आला काय, उशिरा आला काय, पडदा उघडण्याची वेळ ठरलेली होती.

पडदा हा शब्द मनात आला आणि वाचकाचं पत्र आठवलं. पान पांढरं राहिलं आणि मग एकदम सगळं दिसलं. एकदम! नेटवर्क संथ असेल तर पान असं दिसत नाही. आधी मथळा येतो, मग मजकूर, मग रिकाम्या चौकटी, मग फोटो हळूहळू भरतात. सगळं एका क्षणी दिसत असेल तर सगळं तयार असूनही कुणीतरी ते झाकून धरलेलं असतं. वाचकाने लक्षण अचूक सांगितलं होतं, मी ते ‘साइट हळू आहे’ एवढंच वाचलं होतं.

क्रोमच्या डेव्हलपर साधनांत परफॉर्मन्स नोंद सुरू करून एक लेख उघडला. या वेळी लॉग-इन न करता, कोऱ्या खिडकीत. लेखाच्या टेम्प्लेटच्या, म्हणजे सगळ्या लेखांच्या सामायिक साच्याच्या, सुरुवातीला पाच-सहा ओळींची एक स्क्रिप्ट सापडली. काही वर्षांपूर्वी सरांनी कुणाकडून तरी ए/बी चाचणी करून घेतली होती, म्हणजे अर्ध्या वाचकांना एक मांडणी आणि अर्ध्यांना दुसरी. अशा चाचणीत पान आधी जुन्या मांडणीत दिसून मग डोळ्यांदेखत बदलू नये म्हणून या ओळी अख्खं पान पारदर्शक करून ठेवतात. बाहेरच्या साधनाचा निरोप आला की पान दिसू देतात. निरोप आलाच नाही तर ४ सेकंदांनी नाद सोडून पान दाखवतात. ते साधन केव्हाच बंद झालं होतं. निरोप येणारच नव्हता. त्यामुळे दर वाचकाला, दर लेखावर, पूर्ण ४ सेकंद पांढरं पान.

आणि हे आम्हाला कधीच दिसलं नाही, कारण चाचणीत स्वतःच्या भेटी मोजल्या जाऊ नयेत म्हणून लॉग-इन केलेल्यांना त्या ओळी लागू नव्हत्या. सर आणि मी कायम लॉग-इन असायचो. मुखपृष्ठाचं टेम्प्लेट वेगळं, तिथे त्या ओळी नव्हत्या, म्हणून माझ्या ९३ गुणांतही त्या दिसल्या नाहीत. माझं प्लगइन बाहेरच्या फाइली थांबवायचं, पानात थेट लिहिलेल्या ओळींना हात लावायचं नाही. म्हणजे तिथेही पडदा शाबूत राहिला. साइट चालवणारे दोघे जण सोडले तर प्रत्येक माणूस तो पडदा बघत होता.

ओळी काढल्या. त्याच प्रकारच्या भेटीत एलसीपी ५.५ वरून २.९ वर आला. दोन मिनिटांचं काम.

उरलेले तुकडे

आता पहिला तुकडा. १.३ सेकंद पहिल्या बाइटला म्हणजे फार, ०.८ च्या आत आला तर बरा मानतात. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. फोनवरच्या संथ जोडणीत एक फेरी, म्हणजे निरोप जाऊन उत्तर येणं, सुमारे १५० मिलिसेकंदांची धरा. नाव शोधायला एक फेरी, जोडणीला एक, सुरक्षित जोडणीला एक, पान मागायला एक. सर्व्हरने काहीही विचार न करता उत्तर दिलं तरी ६०० मिलिसेकंद गेलेच. आणि वाटेत पत्ता बदलून दुसऱ्या नावाकडे पाठवलं की यातल्या बहुतेक फेऱ्या पुन्हा. आमच्याकडे जुन्या दुव्यांवरून येणारा वाचक आधी असुरक्षित पत्त्यावर, तिथून सुरक्षित पत्त्यावर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या नावावर, तिथून शेवटी तिरकी रेघ असलेल्या पत्त्यावर जात होता. तीन उड्यांची एक केली आणि साइटच्या आतले सगळे दुवे अंतिम पत्त्यांना वळवले.

दुसरी गोष्ट सर्व्हरवरच्या कॅशची, म्हणजे एकदा तयार केलेलं पान साठवून तेच पुन्हा देण्याच्या सोयीची. कॅश चालू होती, पण पत्त्याच्या शेवटी मोहिमेची, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी, खूण चिकटलेली असली की सर्व्हर ते वेगळं पान समजून नव्याने तयार करायचा. सरांच्या साप्ताहिक पत्रातून येणारे सगळे वाचक अशा खुणा घेऊनच यायचे. म्हणजे जे सर्वांत निष्ठावान, त्यांनाच सर्वांत संथ पान. त्या खुणा कॅशसाठी दुर्लक्षित करायला सांगितल्या. टीटीएफबी ०.६ वर आला.

दुसरा तुकडा, फोटो मागवायला लागणारे ०.६ सेकंद. हा तर आमच्या थीमचा, म्हणजे साइटच्या तयार मांडणीचा, अतिउत्साह होता. पानातल्या प्रत्येक फोटोवर तिने लेझी लोडिंग लावलं होतं, म्हणजे फोटो दिसण्याच्या टप्प्यात आल्यावरच मागवायचा. खाली दूरवरच्या फोटोंसाठी हे उत्तम. पण पहिला, सर्वांत मोठा फोटो तर उघडताच समोर असतो. त्यावर लेझी लावलं की ब्राउझर आधी मांडणी पूर्ण करतो, फोटो खरंच दिसणार आहे याची खात्री करतो, आणि मग मागवतो. वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीनेही हाच धडा टप्प्याटप्प्याने घेतला. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीत सगळ्या फोटोंना लेझी लावलं, पुढे ५.९ मध्ये पहिला फोटो वगळला, आणि २०२३ च्या ६.३ मध्ये मुख्य फोटोला उंच प्राधान्याची खूण द्यायला सुरुवात केली. आमची थीम जुनी असल्याने स्वतःचंच घोडं दामटत होती. पहिल्या फोटोवरचं लेझी काढलं, प्राधान्याची खूण लावली. ०.६ चे ०.१ झाले.

आता तीच ठरावीक भेट १.७ सेकंदांवर आली होती.

सीएलएसचं फार काही नव्हतं. फोटोंना रुंदी-उंची लिहिलेली नव्हती, ती लिहिली, त्यामुळे ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो. वरून उशिरा टपकणारी सूचनेची पट्टी खाली नेली. आणि फॉन्ट. जोडाक्षरं असलेल्या लिपींचे फॉन्ट जड असतात, कारण अनेक जुळण्यांचे आकार त्यात वेगळे साठवावे लागतात. ते येईपर्यंत यंत्रातला फॉन्ट दाखवून मग बदलला की ओळींची लांबी बदलते आणि परिच्छेद उड्या मारतात. आम्ही फॉन्टची वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, चारवरून दोनवर आणली आणि पर्यायी फॉन्टची मापं मुख्य फॉन्टशी जुळवून घेतली.

प्लगइन काढल्यावर आयएनपी पुन्हा १९० च्या आसपास आला. तो १५० पर्यंत न्यायचा तर गिअरचं गुणोत्तर काढणारं आमचं गणनयंत्र सुधारावं लागत होतं. आकडा टाइप करताच ते सगळं कोष्टक नव्याने काढायचं. आधी उत्तराचा आकडा दाखवायचा, ब्राउझरला श्वास घ्यायला एक उसंत द्यायची आणि मग कोष्टक काढायचं, असा क्रम लावला. वाचकाला हवा असतो तो एक आकडा, कोष्टक तो नंतर बघतो.

एक गोष्ट मी आधीच करायला हवी होती. आमच्या वाचकांची सवय अशी की लेख, मागे, यादी, दुसरा लेख, मागे. अशा वेळी ब्राउझर आधीचं पान स्मृतीत जसंच्या तसं ठेवू शकतो आणि मागे गेल्यावर ते तत्काळ समोर आणतो. पण पान सोडून जाताना चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ओळी, ज्यांना अनलोड म्हणतात, पानात असल्या तर ही सोय बंद पडू शकते. आमच्या भेटी मोजणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये तशी एक ओळ होती. ती बदलल्यावर मागे जाणं क्षणार्धात होऊ लागलं. सरांना या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत आवडला, कारण तो हाताला कळतो.

आकडे उलटे का फिरले

पडदा काढल्यानंतर पाचव्या दिवशी मी घाबरले होते. आमच्या स्वतःच्या मोजणीत एलसीपी खाली आला होता, पण टीटीएफबीचा ७५व्या शतमकाचा आकडा थोडा वर सरकलेला दिसत होता. सर्व्हर तर आधीपेक्षा लवकर उत्तर देत होता. मी कॅशचे बदल मागे घ्यायच्या बेतात होते.

मग यूट्यूबमधली एक गोष्ट आठवली, ती इथे सांगायलाच हवी. यूट्यूबचा अभियंता ख्रिस झकारियस याने २०१२ मध्ये हा अनुभव लिहिला. २००९ मध्ये व्हिडिओ बघण्याचं पान १.२ मेगाबाइटपर्यंत फुगलं होतं. ते १०० किलोबाइटच्या आत आणायचं, असा चंग त्याने बांधला आणि एक-एक गोष्ट काढत ९८ किलोबाइट आणि सर्व्हरकडच्या १४ विनंत्यांवर आणलं. काही प्रेक्षकांना ते देऊन आठवडाभराने आकडे बघितले तर पान उघडण्याची सरासरी वेळ वाढलेली! पान दहापट हलकं आणि सरासरी वाईट. तो हार मानण्याच्या बेतात असताना एका सहकाऱ्याने आकडे भूगोलाप्रमाणे मांडून बघितले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाचा दुर्गम भाग, इथून येणाऱ्या भेटी अचानक वाढल्या होत्या. तिथल्या जोडण्यांवर हलकं पानसुद्धा दोन मिनिटांपेक्षा जास्त घेत होतं. पण जड पानाला वीस मिनिटं लागली असती, म्हणजे ते कुणी उघडतच नव्हतं. आधी जे लोक मोजणीतच नव्हते ते आता आत आले होते, आणि त्यांची संथ जोडणी सरासरीत उतरली होती.

मी आमचे आकडे जोडणीच्या वेगाप्रमाणे वेगळे केले. प्रत्येक गटात टीटीएफबी सुधारला होता. फक्त सर्वांत संथ जोडण्यांवरच्या भेटींचा वाटा वाढला होता. पूर्वी ही माणसं पांढऱ्या पानावरूनच परत जायची. आमची मोजणारी स्क्रिप्ट त्यांच्या फोनमध्ये पोचायच्या आधीच ती गेलेली असायची. रस्त्याच्या कडेला, कमकुवत नेटवर्कवर, हाताला वंगण लागलेलं असताना लेख उघडणारी, म्हणजे ज्यांच्यासाठी सर लिहितात तीच माणसं. तो आलेख बघताना माझे डोळे भरून आले होते. बदल मागे घेतले नाहीत.

सहा आठवड्यांनी क्रोमच्या आकडेवारीत लेखपानांचा एलसीपी २.३, आयएनपी १५०, सीएलएस ०.०५. सर्च कन्सोलमध्ये गट हिरवा.

सर्चचं काय झालं

आमच्या मुख्य लेखांचे क्रमांक यामुळे वर उडाले नाहीत. साधारण तिथेच राहिले. गूगलने वेग हा क्रमवारीचा एक घटक असल्याचं २०१० मध्येच जाहीर केलं, जुलै २०१८ मध्ये तो मोबाइल सर्चला लागू केला, आणि जून २०२१ पासून ही मापं वापरायला सुरुवात केली. पण त्याच गूगलचं म्हणणं असंही आहे की पानाचा अनुभव फारसा चांगला नसला तरी सर्वांत समर्पक मजकूर वर दाखवायचा प्रयत्न असतो. आमचे लेख समर्पक होते म्हणूनच पांढऱ्या पडद्यासह ते इतके दिवस टिकले होते. वेग वाढवून क्रमांक मिळवून देतो असं सांगणाऱ्यांना मी आता हेच विचारते की पान उघडल्यावर त्यात काय आहे.

एका जागी मात्र फरक स्पष्ट दिसला. ‘संबंधित लेख’ची पट्टी सर्व्हरवरच लिहिली जायला लागल्यावर, जे लेख गूगलने ‘सापडला पण सध्या इंडेक्स केला नाही’ या यादीत टाकून ठेवले होते, त्यातले बरेचसे पुढच्या दोन महिन्यांत इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या सर्चच्या सूचीत, आले. त्यांच्यापर्यंत नेणारे दुवे आता गूगलला साध्या एचटीएमएलमध्ये दिसत होते. वेगाच्या मागे लागताना सापडलेली ही गोष्ट सर्चसाठी वेगापेक्षा मोठी ठरली.

आणि वाचक थांबू लागले. सर्चमधून आलेल्यांपैकी दुसरा लेख उघडणाऱ्यांचं प्रमाण दर आठवड्याला हळूहळू चढत गेलं. सरांनी पत्र लिहिणाऱ्या वाचकाला कळवलं. त्याचं उत्तर आलं की आता पान लगेच दिसतं, पण मागचं चाक काढण्याच्या लेखात तिसरा आणि चौथा फोटो उलटसुलट लागले आहेत. खरंच लागले होते. आम्ही दोघांनी तो लेख शेकडो वेळा उघडला होता.

त्यानंतर मी एक वही ठेवली आहे. बाहेरून येणारी प्रत्येक स्क्रिप्ट, ती कुणी, कशासाठी बसवली, आणि कोणत्या तारखेला काढायची. तारखेशिवाय काहीही बसत नाही. दर तीन महिन्यांनी मी वही घेऊन बसते, लॉग-आउट करते, जुन्या फोनवर सर्चमधून एक लेख उघडते आणि पान कसं दिसतं ते बघते, आधी डोळ्यांनी, मग आकड्यांनी. मागच्या वेळी एका संपलेल्या वाचक-पाहणीची स्क्रिप्ट सापडली. तिची तारीख आठवड्यापूर्वी उलटून गेली होती. काढली.